डोंगरातले सात दिवस : मुलांचं उन्हाळी साहस शिबिर कसं घ्यावं

शिबिराचं वेळापत्रक करायला बसलं की पहिल्याच दिवशी मुलांना एखाद्या माथ्यावर न्यायचा मोह होतो. मुलं उत्साहात असतात, प्रशिक्षक ताज्या दमाचे असतात, समोर डोंगर दिसत असतो. हा मोह आवरा. बरीच वर्षं मी 12 ते 16 वयाच्या मुलांना घेऊन डोंगरात जातो आहे. जी शिबिरं फसलेली पाहिली, त्यांतली बहुतेक पहिल्या दोन दिवसांतच फसली होती. कुणाच्या टाचा सोलवटल्या, कुणाला रात्रभर झोप लागली नाही, कुणी दिवसभर पाणीच प्यायलं नाही. मग पाचव्या दिवशीचा मोठा ट्रेक निम्म्या मुलांनी तंबूत पडून काढला.

म्हणून आठवड्यालाच एक चढ असू द्या. आधी अंगाला सवय, मग हाताला कौशल्य, मग थोडा कस, आणि शेवटी निवांत उतार. रोजचा कार्यक्रम ठरवताना आदल्या दिवशी मुलं काय शिकली हे बघायचं. बाकी सगळं त्या हिशेबात बसवायचं.

निघण्याआधी

जागा स्वतः पाहून या, आणि शक्य तर शिबिर ज्या महिन्यात आहे त्याच महिन्यात. थंडीत भरून वाहणारा झरा भर उन्हाळ्यात कोरडा असतो. तंबूंसाठी सपाट, किंचित उंचवट्याची जागा हवी. ओढ्याच्या पात्रात किंवा कोरड्या नाल्यात तंबू कधीही लावू नका, कारण वर डोंगरात पाऊस पडला तर आपल्या डोक्यावर निरभ्र आभाळ असतानाही खाली लोंढा येतो. मान वर करून बघा. वाळक्या फांद्या लटकत असलेलं झाड आणि सुटे दगड असलेला कडा, दोन्हींपासून लांब राहा. फोनला रेंज नेमकी कुठे मिळते ते शोधा. आणि एक काम अजिबात टाळू नका : शिबिराच्या सगळ्यात लांबच्या ठिकाणापासून गाडीरस्त्यापर्यंत घड्याळ लावून चाला. जखमी मुलाला खाली आणायला निदान त्याच्या तिप्पट वेळ धरा. तो आकडा पाहून पोटात गोळा आला, तर मार्ग बदला.

उंचीचाही विचार करा. साधारण 2500 मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास होऊ शकतो : डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं, झोप न लागणं. 3000 मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावं, असा नियम गिर्यारोहणात पाळला जातो. पहिलंच शिबिर घेत असाल तर 2500 च्या खालीच राहा. मुलांना मजा उंचीमुळे येत नाही.

पालकांच्या फॉर्ममध्ये दमा, फिट्स, ॲलर्जी आणि चालू औषधं तर विचाराच, पण झोपेत चालणं आणि अंथरूण ओलं होणं हेही विचारा. मूल हे स्वतः सांगणार नाही. तुम्हाला आधी माहीत असेल, तर सकाळी कुणाला कळू न देता एक स्लीपिंग बॅग उन्हात टाकता येते आणि त्या मुलाचा आठवडा वाचतो. पालकांना एक विनंती आवर्जून करा : ‘करमलं नाही तर लगेच न्यायला येतो’ असं वचन मुलाला देऊ नका. असं वचन घेऊन आलेलं मूल पहिल्या संध्याकाळपासून त्याच फोनची वाट बघत राहतं.

मुलांचे पाच-सहा जणांचे गट करा. ही पद्धत जुनी आहे. 1907 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर बेडन-पॉवेल यांनी जे आठवडाभराचं शिबिर घेतलं, ज्यातून पुढे स्काउट चळवळ उभी राहिली, त्यात सुमारे 20 मुलांचे चार गट होते आणि प्रत्येक गटाचा नायक त्यांच्यातलाच एक मुलगा होता. मुलंही मुद्दाम वेगवेगळ्या सामाजिक थरांतून आणलेली होती. तुम्हीही एकाच शाळेतल्या किंवा एकाच इमारतीतल्या मुलांना एका गटात घालू नका. प्रत्येक गटामागे एक प्रौढ माणूस हवाच. आणि कोणताही प्रौढ कोणत्याही मुलाबरोबर एकटा, इतरांच्या नजरेआड राहणार नाही, हा नियम पहिल्या बैठकीतच सगळ्या कार्यकर्त्यांना स्पष्ट सांगा. कितीही जुना, कितीही विश्वासातला माणूस असला तरी नियम तोच.

सामानाच्या यादीत सगळ्यात वर बूट. नवे कोरे बूट घालून आलेलं मूल दुसऱ्या दिवशी लंगडतं, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता महिनाभर आधी पालकांना कळवतो : बूट आजच घ्या आणि रोज घालायला लावा. बोट आणि बुटाचं टोक यांत अंगठ्याएवढी जागा हवी, नाहीतर उतरताना नखं काळीनिळी होतात. जीन्स नको. ती भिजली की वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेते. लवकर वाळणारे कपडे, एक उबदार थर आणि वर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. उन्हाळा असला तरी हा उबदार थर हवाच, कारण दर 1000 मीटर उंचीला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं, आणि वारा असला की ते आणखी कमी वाटतं. टोपी, शिट्टी, हेडटॉर्च, दोन लिटर पाण्याची सोय. सॅकचं वजन मुलाच्या वजनाच्या 10 ते 15 टक्के, म्हणजे 40 किलोच्या मुलाच्या पाठीवर 4 ते 6 किलो. यात सगळं बसत नाही अशी तक्रार येते. बसत नसेल ते मोठ्यांनी उचलायचं.

पहिला दिवस : फक्त घर लावायचं

पोचल्यावर पाणी, खाणं, आणि लगेच तंबू. मोठ्यांनी तंबू लावून ठेवू नका. पहिला तंबू उभा राहायला तासभर लागू दे. खुंटी जमिनीत सरळ ठोकायची नाही. तिचं डोकं तंबूपासून लांब झुकलेलं ठेवून तिरकी ठोकायची, म्हणजे दोर ताणला तरी ती उपटत नाही. दार वाऱ्याच्या पाठीला.

मग सगळ्यांनी मिळून शिबिराच्या हद्दीभोवती एक फेरी मारायची. इथपर्यंत आपलं अंगण, या झाडापलीकडे मोठ्या माणसाशिवाय जायचं नाही. शौचाची जागा पाण्यापासून निदान 60 मीटर लांब. पक्की सोय नसेल तर 15 ते 20 सेंटिमीटर खोल खड्डा आणि वर माती, आणि परतताना साबणाने हात धुणं. शिबिरात साप-विंचवांपेक्षा जास्त मुलं न धुतलेल्या हातांनी आजारी पडतात. हात धुण्याची जागा जेवणाच्या रांगेच्या तोंडाशीच ठेवा, म्हणजे तिथून गेल्याशिवाय ताट मिळणार नाही.

पिण्याचं पाणी खळखळून एक मिनिट उकळा, 2000 मीटरच्या वर तीन मिनिटं. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं, दर 300 मीटरला साधारण एक अंशाने, म्हणून जास्त वेळ. मुलांना कारणासकट सांगा. ‘का’ कळलं की ती स्वतःच भांड्यावर पहारा देतात.

त्याच संध्याकाळी हरवल्यावर काय करायचं ते शिकवा. जिथे लक्षात आलं तिथेच थांबायचं, एखाद्या झाडाशी किंवा दगडाशी बसायचं, जॅकेट घालायचं आणि शिट्टी वाजवायची. डोंगरातला संकटाचा आंतरराष्ट्रीय संकेत 1894 पासून चालत आला आहे : एका मिनिटात सहा शिट्ट्या किंवा टॉर्चचे सहा झोत, मग एक मिनिट शांतता, मग पुन्हा सहा. उत्तर मिळतं ते मिनिटाला तीन. अंधार पडल्यावर गटागटाने खेळ म्हणून सराव घ्या. या खेळात हसणारी मुलं गरज पडल्यावर ते विसरत नाहीत.

पहिल्या रात्री कुणीतरी रडणारच. घरची आठवण दिवसा येत नाही, दिवे मालवल्यावर येते. त्याला ‘रडू नकोस’ म्हणू नका. शेजारी बसा, उद्या सकाळी त्याच्याकडे कोणतं काम आहे ते सांगा. काम खरं हवं : चूल पेटवायला काटक्या त्याच्याच हातच्या लागणार आहेत, असं.

दुसरा दिवस : चालायला शिकणं

चार-पाच किलोमीटरचा सोपा फेरा पुरे. पुढे लीड (वाट दाखवणारा), मागे बॅक लीड (सगळ्यांच्या शेवटी चालणारा), आणि त्यांच्या मधून कुणी बाहेर पडायचं नाही. गटाचा वेग सगळ्यात हळू चालणाऱ्याचा. त्याला लीडच्या लगेच मागे ठेवा. शेवटी ठेवलंत तर बाकीचे थांबून विसावा घेतात, आणि हा पोचला की उठून चालू लागतात. ज्याला विसावा सगळ्यात जास्त हवा त्यालाच तो मिळत नाही.

चालू लागल्यावर वीस मिनिटांनी पहिला थांबा घ्या, तो फक्त पायांसाठी. बुटात कुठे घासतंय, कुठे गरम वाटतंय? तिथे लगेच चिकटपट्टी लावायची. फोड येण्याआधी कातडी गरम होते. तेव्हा पाच मिनिटं दिली तर आठवडा वाचतो. मुलं लाजेने सांगत नाहीत, म्हणून सगळ्यांनाच मोजे काढायला लावा.

सुट्या दगड-मातीच्या घसाऱ्यावरून उतरताना पाय आडवे टाकायचे, अंग मागे रेलायचं नाही, आणि दोघांत अंतर ठेवायचं. दगड सुटला की ओरडायचं, मग तो कुणाच्या दिशेने जात असो वा नसो.

नकाशा इथेच काढा. कंटूर रेषा, म्हणजे समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दाट तिथे चढ खडा, विरळ तिथे सौम्य. हे कागदावर समजत नाही, तर मूठ वळा, बोटांच्या उंचवट्यांवर पेनाने समान उंचीची वर्तुळं काढा आणि मग हात सपाट करा. मुलं स्वतःच्या हातावर डोंगराची धार, खिंड आणि माथा बोटाने दाखवू लागतात. तेवढं झालं की होकायंत्र द्या आणि नकाशा उत्तरेशी जुळवायला लावा. बाकीचं चालता चालता येतं.

तिसरा दिवस : कातळ

हा दिवस मुलांना वर्षानुवर्षं आठवतो आणि सगळ्यात जास्त शिस्त इथेच लागते. प्रस्तरारोहण (कातळ चढणं) आणि रॅपलिंग (दोराच्या आधाराने कातळ उतरणं) घेणारा माणूस प्रशिक्षित हवा, नुसता हौशी नको. असा माणूस मिळाला नाही तर हा दिवस रद्द करा आणि दुसरा ट्रेक घ्या.

कातळ 10-12 मीटरचा पुरतो. आदल्या दिवशी जाऊन सुटे दगड काढून ठेवा. दोर किमान दोन स्वतंत्र आधारांना बांधलेला हवा, म्हणजे एक निसटला तरी दुसरा धरतो. कातळाच्या धारदार कडेवर दोर घासणार असेल तिथे जाड कापड किंवा जुना पाइप घाला. चढाईला ताणणारा दोर, कारण पडल्यावर बसणारा झटका तो सोसतो. रॅपलिंगला न ताणणारा. सगळा दोर हातातून सरकवत तपासा. कुठे मऊ, चपटा किंवा फुगलेला लागला तर तो बाद. दोरावर पाय देऊ नका, कारण खडे आत घुसून धागे कापतात. हे मुलांना पहिल्या मिनिटाला सांगा, ती एकमेकांवर बरोबर लक्ष ठेवतात.

हेल्मेट नुसतं डोक्यावर ठेवून भागत नाही, पट्टा हनुवटीखाली बसवा. हार्नेस म्हणजे दोर बांधण्यासाठी अंगावर घालायचे पट्टे. त्यातला कमरेचा पट्टा कमरेच्या हाडाच्या वर. मूल सडपातळ असेल आणि पट्टा खाली सरकत असेल तर अख्ख्या अंगाचा हार्नेस घ्या. केस, गळ्यातल्या माळा, सैल दोऱ्या आत. प्रत्येकाने इंग्रजी 8 च्या आकाराची गाठ स्वतः बांधायची आणि जोडीदाराने तपासायची. मग तपासणी नेहमी त्याच क्रमाने : बक्कल, गाठ, कॅराबिनरचं (दोर अडकवायच्या धातूच्या कडीचं) लॉक, बिलेचं (जोडीदाराचा दोर धरून ठेवायचं) साधन, हेल्मेट. मोठ्याने म्हणत आणि हात लावून. रॅपलिंग करणाऱ्या प्रत्येक मुलाला मुख्य दोराशिवाय वरून धरलेला दुसरा दोर हवाच. हात सुटला तरी मूल जागच्या जागी थांबतं.

आता कडेवरच्या त्या क्षणाबद्दल. खाली उतरताना पहिली दोन पावलं सगळ्यात अवघड असतात, कारण अंग मागे सोडून दोरावर भार टाकायचा असतो आणि मन नेमकं उलट सांगतं. पाय खांद्याएवढे फाकवलेले, गुडघे सैल, नजर कातळावर. मूल उंचीच्या भीतीने गारठलं तर खालून ओरडून धीर देणं बंद करा. एकाच माणसाने, हळू आवाजात, एका वेळी एकच सूचना द्यायची. आणि मूल ‘नाही’ म्हणालं तर नाही. हे आधीच, सगळ्यांसमोर, कातळाखाली उभं राहून जाहीर करा.

एका शिबिरात एक मुलगी कडेवर पंधरा मिनिटं उभी राहिली आणि मागे फिरली. तिला म्हटलं, उद्या बघू, आज तपासणीला माझ्याबरोबर उभी राहा. दुपारभर ती प्रत्येकाच्या बकलला हात लावत होती. सातव्या की आठव्या मुलाला तिने दंडाला धरून थांबवलं. त्याच्या कॅराबिनरचं लॉक उघडं होतं. त्या मुलाला मी नुकतंच तपासून पुढे पाठवलं होतं. तिने आठवडाभरात कातळ उतरला नाही, पण तेव्हापासून माझ्या प्रत्येक शिबिरात कातळावर दुसरी तपासणी मूलच करतं.

चौथा दिवस : ढिला सोडा

उशिरा उठणं, कपडे धुणं, पाय बघणं, घरी पत्र लिहिणं. दुपारी सावलीत गाठींची शर्यत. पोहायला पाणी असेल तर आधी मोठ्याने उतरून तळ आणि खोली बघायची, सूर मारायला बंदी, दोघादोघांच्या जोड्या आणि काठावर एक माणूस फक्त मोजणारा. हा दिवस रिकामा वाटतो म्हणून कार्यक्रमाने भरू नका. मैत्री होते ती आजच.

पाचवा आणि सहावा दिवस : एक रात्र वर

सगळं शिकलेलं आता एकत्र वापरायचं. वेळेचा हिशेब मुलांनाच करायला लावा. स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथ यांनी 1892 मध्ये एक साधा ठोकताळा दिला : सपाटीला ताशी 5 किलोमीटर आणि चढाच्या प्रत्येक 600 मीटरला एक तास जास्त. म्हणजे 8 किलोमीटर आणि 600 मीटर चढ असेल तर सुमारे 2 तास 36 मिनिटं. हा हिशेब तंदुरुस्त मोठ्या माणसाचा आहे. पाठीवर सॅक असलेल्या मुलांसाठी त्यात निम्मा वेळ आणखी धरा, म्हणजे चार तासांच्या आसपास, आणि थांबे वेगळे.

निघायचं पहाटे. उन्हाळ्यात डोंगरउतार तापतात, दमट हवा वर चढते आणि दुपारनंतर ढग गोळा होतात. सकाळी पांढरे पुंजके दिसत होते ते फुलकोबीसारखे उंच वाढू लागले, खालून काळे पडले, की माथ्याचा नाद सोडायचा. दुपारच्या आत धारेवरून खाली आलेलं असावं. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा आणि तीनने भागा, तितके किलोमीटर अंतर. 30 सेकंद किंवा कमी आले तर वीज 10 किलोमीटरच्या आत आहे, आणि सुरक्षित जागी जायची वेळ झालेलीच आहे. धार, माथा, एकटं झाड, उथळ गुहेचं तोंड, सगळं सोडा. पक्कं छप्पर किंवा बंद गाडी जवळ नसेल तर सखल जागी सारख्या उंचीच्या झाडांमध्ये पांगून बसा, सगळे एका घोळक्यात नकोत. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं हलायचं नाही.

परत फिरायची वेळ निघण्याआधीच ठरवा आणि नायकाच्या वहीत लिहून घ्या. माथा दहा मिनिटांवर असतानाही ती वेळ झाली की वळायचं. इथे तुमचा शब्द डळमळला तर पुढे मुलं कुणाचाच शब्द मानणार नाहीत.

भिजलेलं, थकलेलं मूल नीट बघत राहा. अडखळणं, शब्द जड होणं, बोटांनी साधी चेन न लागणं, उगाच चिडचिड : अंग गार पडू लागल्याच्या या खुणा आहेत. ओले कपडे काढा, कोरडे घाला, जमिनीपासून वेगळं करण्यासाठी खाली मॅट घाला, वारा अडवा, शुद्धीत असेल तर गरम आणि गोड प्यायला द्या. अशा मुलाचं कुडकुडणं उबेशिवायच थांबलं तर ते बरं झाल्याचं लक्षण नाही, उलट प्रकृती बिघडते आहे. लगेच खाली हलवायची आणि मदत बोलवायची तयारी करा. उन्हात याच्या उलट : डोकेदुखी, मळमळ दिसली की सावली, पाणी, मीठ-साखरेचं पाणी. मूल असंबद्ध बोलू लागलं तर तो उष्माघात समजा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि वाट न बघता मदत बोलवा.

रात्रीच्या मुक्कामात शेकोटी मोठी नको, आणि कोरड्या गवतात तर नकोच. सगळे टॉर्च दहा मिनिटं बंद करा. सुरुवातीला खुसखुस होते, मग थांबते. डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो, आणि तारे हळूहळू वाढत गेलेले बघणं मुलांना फार आवडतं. मी त्या वेळी काही बोलत नाही.

सातवा दिवस

तंबू ओले गुंडाळू नका, बुरशी धरते आणि पुढच्या शिबिराला कुणीतरी कुबट वासात झोपतो. सगळ्यांनी एका ओळीत उभं राहून मैदान पायाखालून घाला आणि कागदाचा कपटाही उचला. दोर, हार्नेस, हेल्मेट मुलांकडूनच मोजून घ्या, आणि वहीत लिहा : कोणता दोर किती वापरला, कुठे घासला. कार्यकर्त्यांची बैठक आजच, घरी जाण्याआधी. काय थोडक्यात निभावलं, कुणाचा पाय कुठे घसरला, ते आठवड्यानंतर आठवत नाही.

पालक आले की प्रत्येकाला दोन गोष्टी सांगा. एक, मुलाला काही लागलं, दुखलं असेल तर ते नेमकं काय होतं आणि काय केलं. दुसरी, त्या मुलात तुम्ही पाहिलेली एखादी ठरावीक गोष्ट, त्याच्यासमोर : ‘चौथ्या दिवसापासून यांच्या गटाचं पाणी हाच उकळत होता.’ ‘मुलगा छान आहे’ एवढंच म्हणू नका. आणि औषधांची पिशवी त्यांच्या हातात दिल्याशिवाय गाडी हलू देऊ नका.